आयते ताट

संधिवाताचे दुखणे जडले की माणसाला पहिला लाभ होतो तो वैद्यांचा. आजवर ज्यांच्याशी केवळ नमस्कारापुरता परिचय होता ती माणसे रस्त्यात थांबवून पथ्य सांगू लागतात. माझ्या बोटांचे सांधे सुजू लागले त्याला आता तीन वर्षे होतील. या तीन वर्षांत वांगे, बटाटा, टोमॅटो, हरभऱ्याची डाळ, वाल, पावटे, दही, चिंच, केळे, भात, गहू, मासळी आणि थंड पाणी हे सारे वर्ज्य करण्याचा सल्ला मला मिळालेला आहे. प्रत्येक सल्लागार एकेकच जिन्नस काढून घेतो. त्यामुळे आपण फार काही मागितले असे त्याला वाटत नाही. पण सगळ्यांचेच मन राखायचे म्हटले तर ताटात मुगाचे कढण आणि मीठ एवढेच उरते. आमच्या शाळेतल्या एका बाईंनी मीठही काढायला सांगितले.

या यादीला शेवटी एक पुरवणी ठरलेली असते. ‘आणि मुख्य म्हणजे काळजी करायची नाही. डोक्याला ताप करून घ्यायचा नाही.’ पथ्य सांगताना माणूस निदान थोडे आठवून बोलतो; हे वाक्य मात्र तो चपला पायांत सरकवता सरकवता बोलतो.

आहाराचा आणि मनःस्थितीचा जुनाट दुखण्याशी संबंध आहे आणि आयुष्याच्या लांबीशीही आहे, हे मला मान्य आहे. माझी तक्रार निराळीच आहे. हा उपदेश ज्या बाईला करतात, तिच्या ताटात काय पडावे आणि तिच्या डोक्यात काय यावे, हे तिच्या हातात कितीसे असते?

पण आधी औषधाचे सांगते, म्हणजे गैरसमज व्हायला नको. माझ्या दुखण्याचे डॉक्टरी नाव रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. शरीराचे रक्षण करायला ठेवलेले पहारेकरीच सांध्यांच्या अस्तरावर उलटतात, असा हा घरभेदी रोग आहे आणि पुरुषांच्या मानाने तो बायकांना दोन-तीन पट अधिक होतो. मला आठवड्यातून एकदाच मेथोट्रेक्सेटची गोळी असते. आजीचा सोमवार असे, तसा माझा हा रविवार. त्या गोळीने सूज उतरली आणि हातात पुन्हा खडू धरता आला. पथ्य आणि मनःशांती यांच्या बळावर गोळी सोडून द्या, असे सांगणाऱ्यांच्या वाटेला मी जात नाही. सांधा एकदा आतून झिजून वाकडा झाला की मग कितीही शांत मनाने त्याच्याकडे पाहिले तरी तो सरळ होत नसतो. मात्र गोळी घेऊनही जे दुखणे मागे उरते, पहाटे मूठ वळू देत नाही, जिना उतरताना आठवण करून देते, त्याची गोष्ट वेगळी. मी बोलते आहे ते त्याच्याविषयी.

शिक्षकी पेशाची एक खोड अशी की कशाचाही पट भरल्याखेरीज चैन पडत नाही. एका कोऱ्या राहिलेल्या हजेरीपटात मी दुखण्याची हजेरी मांडू लागले. त्या दिवशी काय खाल्ले, किती झोप झाली, घरात काय घडले, हे रात्री दोन ओळींत लिहायचे आणि दुखण्याला दहापैकी गुण द्यायचे. आठ महिन्यांचा पट एका सुट्टीत घेऊन बसले तेव्हा पहिली गोष्ट दिसली ती ही की वांगे निर्दोष आहे. भरली वांगी झालेल्या दिवसांचे गुण आणि न झालेल्या दिवसांचे गुण यांत तसूभर फरक नव्हता. (वांगे-टोमॅटोवरच्या या जुन्या आरोपाला भक्कम प्रयोगांचा आधार नाही, हे मला मागाहून कळले.) उपासाचे दिवस बरे जात असतील अशी माझी अटकळ होती, पण आमचा उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि दाण्याचा लाडू. पोटाला त्यातून विश्रांती मिळावी अशी अपेक्षा करणेच गैर.

सात-आठ गुणांचे दिवस मात्र गठ्ठ्याने येत होते. वार्षिक परीक्षेचे पेपर तपासण्याचा आठवडा. सासूबाई न्हाणीघरात घसरून पडल्या तो पंधरवडा. मुलाचा बारावीचा निकाल लागायच्या आधीचे दिवस. झोपेच्या रकान्यात चार किंवा पाच आकडा असला की दुसऱ्या दिवशीचे गुण मी न पाहताच सांगू शकले असते.

आणि सबंध पटात सलग चारच दिवस असे निघाले, की ज्या दिवशी दुखणे तीनच्या वर चढले नाही. ते माझ्या माहेरचे, भाऊबिजेचे चार दिवस. गोळी तीच, हात तेच. खाल्ले काय म्हणाल तर चकल्या, करंज्या, वहिनीच्या हातचे खमंग वांग्याचे भरीत, वर दही. म्हणजे पथ्याच्या दृष्टीने निव्वळ अनाचार. पण सकाळी सातला जाग येत होती, तोवर वहिनी चहा घेऊन उशाशी उभी असे आणि पुढ्यात येणाऱ्या ताटात काय असेल हे ते समोर येईपर्यंत मला ठाऊक नसे. वहिनीने स्वतःचा पट ठेवला असता तर त्या चार दिवसांत काय गुण पडले असते, असे मी तिला विचारले. ती म्हणाली, ‘वन्सं, माझे गुण माझ्या माहेरी मोजायचे.’

माझा एक जुना विद्यार्थी पुण्याला वैद्यकीचे शिक्षण घेतो. त्याला मी हे कळवले, तेव्हा त्याने काही शोधनिबंध धाडले आणि सुट्टीत येऊन समजावूनही दिले. त्यांतला एक नॉर्वेतला, १९९१ सालचा, माझ्याच रोगाविषयी होता. सत्तावीस रोग्यांना चार आठवडे एका आरोग्यधामात ठेवले. पहिले सात ते दहा दिवस जवळजवळ निराहार, मग काही महिने दूधदुभते आणि गहू वगळून शाकाहार, पुढे हळूहळू दुधाची भर. चार आठवड्यांतच सुजलेले आणि दुखरे सांधे कमी झाले, सकाळचा आखडलेपणा घटला, मुठीचा जोर वाढला. आणि वर्षाअखेरीसही तो गुण टिकून होता. म्हणजे आहाराने दुखणे हलते, यात शंका नाही. बांगडा-तारलीसारख्या तेलकट मासळीतल्या तेलानेही सकाळचा आखडलेपणा काहीसा कमी होतो असे दाखवणारे प्रयोग आहेत. मात्र त्यांत जेवढे तेल देतात तेवढे रोजच्या एका तळलेल्या बांगड्यात येत नाही, हे आमच्या रत्नागिरीकडच्या मंडळींनी ध्यानात ठेवलेले बरे.

या नॉर्वेच्या प्रयोगात माझे लक्ष वेधून घेतले ते दुसऱ्याच एका तपशिलाने. तुलनेसाठी आणखी सव्वीस रोगी होते. त्यांचे जेवण नेहमीचेच ठेवले. पण त्यांनाही चार आठवडे एका विश्रामगृहात नेऊन ठेवले होते. का? तर घरापासून दूर राहणे, विसावा, आयते ताट यांनी जो आराम पडतो तो दोन्हीकडे सारखा असावा, म्हणजे उरेल तो गुण खास आहाराचा, असे म्हणता यावे. शास्त्र म्हणून हे अगदी योग्य. पण निबंध वाचता वाचता मला वाटून गेले, की मला हवा होता तो नेमका हा वजा करून टाकलेला आकडा.

माहेरी बरे वाटते असे म्हणणाऱ्या बाईकडे लोक एका विशिष्ट नजरेने पाहतात. ‘तिकडे कशी खणखणीत असतेस!’ यातला अर्थ सांगायला नको. अशा वेळी मला बीचर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांची साक्ष काढावीशी वाटते. १९४४ साली ते इटलीत अँझिओच्या आघाडीवर होते. गंभीर जखमी झालेले, पण पूर्ण शुद्धीवर असलेले सैनिक त्यांच्यापुढे येत. दुखणे थांबवायचे औषध हवे का, असे विचारले तर चारातले तीन जण नको म्हणत. तेवढ्याच किंवा त्याहून लहान जखमेसाठी, शस्त्रक्रिया झालेले साधे नागरिक मात्र औषध मागत. सैनिकाची जखम ही त्याची लढाईतून सुटका होती; तो जिवंत होता आणि घरी जाणार होता. पुढे १९६५ साली मेल्झॅक आणि वॉल या दोघांनी असे मांडले, की वेदनेचा निरोप मेंदूकडे जाताना मेरुरज्जूत एक दार लागते आणि मेंदूकडून उलट येणारे निरोप ते दार उघडतात किंवा लोटतात. भीती, काळजी, एकटेपण यांनी दार सताड उघडते. त्या दाराच्या रचनेविषयी नंतर पुष्कळ दुरुस्त्या झाल्या, पण दार आहे हे कायम राहिले. १९७९ साली वेदनेच्या अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने व्याख्या केली तीत संवेदनेच्या शेजारीच भावनेला बसवले. तेव्हा माहेरी दुखणे कमी होते हे नाटक नव्हे. ते खरोखरच कमी होते.

सैनिकाला जखम झाली की तो घरी जातो; घरातच लढणाऱ्या बाईने कुठे जायचे? तिला एकदोन दिवसांचा ताप आला तर घर तत्परतेने धावते. ऊनऊन पेज येते, कपाळावर हात येतो. पण दुखणे सहा महिने टिकले की घर त्याला सामानापैकीच एक समजू लागते. त्याला वळसा घालून सगळे ये-जा करतात. आपल्या भाषेत ‘दुखणे अंगावर काढणे’ असा एक शब्दप्रयोग आहे. मी तो पुरुषांच्या संदर्भात ऐकलेला आहे, पण फार थोडा.

आयत्या ताटाचा हिशेब नॉर्वेकरांनी वजा केला असला, तरी ते ताट वाढणारीचा हिशेब दुसरीकडे कुणी तरी मांडलेला सापडला. १९९५ साली अमेरिकेत ओहायो येथे तेरा बायकांच्या हातावर त्वचेचा अगदी लहान, साडेतीन मिलिमीटरचा छेद घेतला. या बायका घरात बुद्धिभ्रंश झालेल्या आप्ताची शुश्रूषा करणाऱ्या होत्या. त्याच वयाच्या, पण असा भार नसलेल्या तेरा बायकांनाही तसाच छेद घेतला. दुसऱ्यांची जखम सरासरी एकोणचाळीस दिवसांत भरली. पहिल्यांची भरायला त्याहून नऊ दिवस अधिक लागले. काळजी वाहिल्याने मन थकते हे सर्वांनाच ठाऊक आहे. इथे कातडीनेच तशी साक्ष दिली.

दुसरा निबंध २००४ सालचा, कॅलिफोर्नियातला. आपल्या पेशींतल्या गुणसूत्रांच्या टोकांना टेलोमिअर नावाची टोपणे असतात. पदराच्या दशा सुटू नयेत म्हणून टोकाला गाठी मारतात ना, तशी. वयाबरोबर ती आखूड होत जातात. आजारी मुलांचे करणाऱ्या आणि निरोगी मुलांच्या अशा अठ्ठावन्न आयांच्या रक्तातल्या पेशी तपासल्या, तेव्हा ज्यांना ताण सर्वांत अधिक जाणवत होता त्यांच्या या गाठी, ज्यांना तो सर्वांत कमी जाणवत होता त्यांच्यापेक्षा निदान दहा वर्षांच्या वयाइतक्या अधिक झिजलेल्या निघाल्या. आणि आजारी मुलाचे जितकी वर्षे केलेले, तितकी झीज जास्त. हे काम करणाऱ्यांपैकी एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांना टेलोमिअरच्या मूळ शोधासाठी २००९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. काळजीने आयुष्य कसे कुरतडले जाते हे जगाला कळले ते असे दुसऱ्याची उस्तवार करणाऱ्या बायकांच्या अंगावरून.

आपल्याकडे दीर्घायुष्य मागण्याचे काम परंपरेने बायकांकडेच आहे. दिवाळीत तर दोन दिवस तेच चालते. पाडव्याला नवऱ्याला ओवाळायचे, भाऊबिजेला भावाला. वाकून नमस्कार केला तर मुलाला मिळते ते ‘आयुष्मान हो’ आणि सुनेला ‘अखंड सौभाग्यवती हो’. हा आशीर्वाद जरा उलगडून पाहिला तर त्यात आयुष्य मागितलेले आहे ते नवऱ्याचेच. नमस्कार करणारीचे नव्हे. गंमत अशी की एवढे करूनही बायकाच सरासरीने अधिक जगतात. त्या जास्तीच्या वर्षांतली कितीतरी दुखऱ्या सांध्यांनिशी जातात, एवढेच.

महाराष्ट्राला शतायुषी माणसांचे कौतुक आहे आणि ते असावेच. महर्षी अण्णासाहेब कर्वे १०४ वर्षे जगले, पंडित सातवळेकर १०० वर्षे. हिंगण्याहून पुण्यापर्यंत चिखल तुडवत रोज चालत जाणारे अण्णा आपल्या डोळ्यांपुढे असतात. अशा माणसांच्या बाबतीत ते किती वाजता उठत, काय खात, हे आपण आस्थेने विचारतो. पण ते ताट वाढणारी किती वाजता उठे, हे विचारायचे राहून जाते. बाया कर्व्यांनी आपली हकिगत ‘माझे पुराण’ म्हणून लिहून ठेवली, म्हणून निदान त्या एका घराची दुसरी बाजू आपल्याला वाचायला मिळते. जपानी शतायुषींच्या आहाराविषयीही हल्ली फार बोलले जाते. पोट दहापैकी आठ भाग भरले की उठावे इत्यादी. नियम चांगलाच आहे, आपल्याकडेही पोटाचा एक कोपरा रिकामा ठेवायला सांगितलेलेच आहे. मात्र २०१० साली जपान सरकारने कुटुंबनोंदी तपासल्या तेव्हा शंभरी ओलांडलेल्या दोन लाख तीस हजारांहून अधिक माणसांचा ठावठिकाणाच लागला नाही. कागदावर ती जगतच होती! तेव्हा फार दूरच्या ताटात डोकावू नये हे बरे.

जवळचे ताट म्हणजे आमच्या सासूबाईंचे. त्यांना एक्याऐंशी वर्षे झाली. त्यांचे दुखणे माझ्याहून वेगळे; गुडघ्यांची झीज. वजन कमी करा, असे डॉक्टर दर वेळी सांगत आणि दर वेळी सासूबाई म्हणत, ‘मी खाते तरी काय हो?’ ते खरेच होते. त्या सर्वांच्या मागून जेवत. वाढून घेत ते एक फुलका आणि चमचाभर भाजी. पण नंतर पातेल्यातला तळाचा भात टाकायला जिवावर येई, नातवाने अर्धी टाकलेली पोळी, सकाळची उसळ, फ्रीजमधली कालची आमटी, सायीचे भांडे. त्यांचा आहार त्या ठरवत नव्हत्या. आम्ही ताटात काय टाकतो त्यावर तो ठरत होता. अशा माणसाला आहाराचा तक्ता देऊन काय उपयोग?

मी पुढल्या खेपेला डॉक्टरांना बाजूला गाठून सांगितले, की गोळ्यांच्या चिठ्ठीवरच दोन ओळी जास्तीच्या लिहा. ते हसले, पण त्यांनी लिहिले: ‘दोन्ही वेळा सर्वांबरोबर बसून जेवणे. उरलेले वर्ज्य.’ सुनेने सांगितले असते तर सासूबाईंनी ते मनावर घेतले नसते. डॉक्टरांच्या अक्षरातले पथ्य मात्र त्या पोथीसारखे मानतात. पहिले काही दिवस त्या पानावर बसून अर्ध्या अर्ध्या घासाला उठत. मग यांनीच, म्हणजे त्यांच्या मुलाने, वाढायचे काम घेतले, कारण आई उठली की त्यांचाच घास अडायचा. उरायचे बंद व्हावे म्हणून मी स्वयंपाकच मापात करू लागले. सात महिन्यांत सासूबाईंचे वजन साडेचार किलोंनी उतरले. गुडघ्याच्या रोग्यांवर २००५ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास असा, की एक किलो वजन उतरले तर दर पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी हलका होतो. म्हणजे त्यांच्या दर पावलामागे अठरा किलो उतरले. मी हा गुणाकार करून दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, ‘म्हणजे तांदळाचं एक पोतंच म्हण ना.’

माझ्या बाजूचा तोडगा त्यांनीच काढला. या रोगात सांधे सर्वांत आखडतात ते पहाटे, कारण दाह पेटवणारी द्रव्ये रक्तात त्याच प्रहरी चढलेली असतात. आणि आमच्याकडे कणीक मळायची वेळ साडेपाचची. रात्रीच मळून ठेवावी तर ती सासूबाईंच्या लेखी शिळी. एके दिवशी मी परातीत हात घालून थांबलेली पाहून त्यांनी उंच स्टूल ओट्यापाशी ओढून घेतले. ‘अगं, मला उभं राहवत नाही, तुला मूठ वळवत नाही. दोघींची मिळून एक धड बाई होते की.’ तेव्हापासून त्या बसून मळतात, लाटतात. मी उभी राहून भाजते. मी सहाला उठते. पटात सकाळचे गुण सहावरून चारवर आले आहेत.

राहता राहिली मनःशांती. १९७९ साली जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्समध्ये जुनाट दुखण्यांच्या रोग्यांसाठी ध्यानाचा वर्ग सुरू केला. पुढे त्यावर पुष्कळ प्रयोग झाले आणि दुखण्याचा जाच त्याने थोडाबहुत कमी होतो असे दिसले. त्यात रोज पाऊण तास स्वस्थ बसायचे असते. परंतु आमच्या घरात डोळे मिटून बसलेल्या बाईविषयी दोनच तर्क होतात. तिला झोप आली आहे किंवा ती रुसली आहे. दोन्ही वेळी कुणी तरी येऊन विचारतेच, ‘किल्ल्या कुठे आहेत?’ ही अडचणही सासूबाईंनीच सोडवली. आपली तुळशीची जपमाळ त्यांनी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, ‘ही घेऊन बस. कुणी हाक मारायचं नाही.’ मी फारशी भाविक नाही, हे त्या जाणतात. पण पंचवीस मिनिटे मला खरोखरच कुणी हाक मारत नाही. मणी ओढताना बोटांनाही व्यायाम होतो.

यंदा चकलीची भाजणी दोनच किलो दळून आणली आहे. सोऱ्या मुलाकडे दिला आहे, तळणीपाशी हे उभे राहणार आहेत आणि स्टुलावर बसून दोघांच्या चुका काढायला सासूबाई आहेतच. भाऊबिजेला या खेपेस भाऊ आणि वहिनी आमच्याकडे येत आहेत, चांगले चार दिवस. सकाळी वहिनीला चहा कुणी नेऊन द्यायचा, यावर घरात अजून एकमत झालेले नाही.